‘कागदपत्रे तपासते’ एवढ्या वर्णनावर भागत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : प्रकल्पांची कागदपत्रे तपासणाऱ्या एआय एजंटच्या टूल-वर्णनांची चाचणी

महोदय,

सरकारी कामांची कागदपत्रे एआयकडून तपासून घ्यावीत, असे आता कार्यालयांत आणि कॉलेजांत उघडपणे बोलले जाऊ लागले आहे. माझा त्याला विरोध नाही. धुळे जिल्ह्यात लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली. साक्री तालुक्यातले सिमेंट नालाबांध, पाझर तलाव, पांझरेवरच्या जुन्या फड बंधाऱ्यांची दुरुस्ती, यातच उमेद गेली. एका साध्या नालाबांधाची फाइल घ्या : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, गुणनियंत्रणाचे अहवाल, देयके, पूर्णत्वाचा दाखला. हे कागद वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या हातांनी तयार होतात आणि एकमेकांशी जुळवताना माणूस मेटाकुटीला येतो. तिथे यंत्र मदतीला येत असेल तर ते यायलाच हवे. पण हे यंत्र उपयोगी पडेल की खोटा दिलासा देईल हे ज्यावर ठरते, त्या गोष्टीबद्दल मला कुठे चर्चा दिसली नाही. ती गोष्ट म्हणजे टूलचे, म्हणजे एआयच्या हाताशी दिलेल्या एकेका कामाच्या छोट्या प्रोग्रॅमचे, वर्णन.

माझी पुतणी जळगावला सॉफ्टवेअरचे काम करते. ती आणि तिचे सहकारी अशा तपासणीसाठी एक एजंट तयार करत आहेत. चाचणीसाठी फाइली हव्या होत्या, पण खऱ्या कामांची कागदपत्रे बाहेर देणे योग्य नाही, म्हणून मी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या फाइली घरी बसून तयार करून दिल्या. गावे, ठेकेदार, रकमा, सगळे काल्पनिक. चुका मात्र आयुष्यभर पाहिलेल्या. ते काम करता करता आतली रचना समजत गेली.

एजंट म्हणजे भाषेचे मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली टूल्स. एक टूल फाइल उघडते, एक तारखा जुळवते, एक बेरजा पडताळते. मॉडेलने गरजेप्रमाणे अशी टूल्स बोलवावीत ही सोय ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रॅमना मॉडेल वापरू देणाऱ्या जोडणीत, जून २०२३ मध्ये दिली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि टूल्स जोडण्याची एक सामाईक पद्धत रुळली. पद्धत कोणतीही असो, मॉडेलपुढे प्रत्येक टूलबद्दल तीनच गोष्टी येतात : नाव, साध्या भाषेतले वर्णन, आणि टूलला कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यायची ते. “आप्पा, आतला प्रोग्रॅम त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच,” असे म्हणून पुतणीने स्क्रीनवरची एक ओळ दाखवली. ओळ होती : ‘प्रकल्पाची कागदपत्रे तपासते.’

अभिलेख कक्षात ज्यांनी काम केले आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. कपाटात लाल रुमालात बांधलेली दप्तरे असतात आणि प्रत्येक रुमालाला एक चिठ्ठी असते. नवा कारकून चिठ्ठी वाचून रुमाल सोडतो. चिठ्ठीवर नुसते ‘संकीर्ण’ लिहिले असेल तर हवा तो कागद कपाटात असूनही सापडत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडले ते सांगतो. एका फाइलमध्ये मी काँक्रीटच्या क्यूब टेस्टचा, म्हणजे साच्यात भरलेला ठोकळा ठरावीक दिवसांनी दाबून फोडण्याच्या चाचणीचा, अहवाल ठेवला. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या १५० मिलिमीटरच्या क्यूबला २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन एवढी ताकद लागते, हे डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असते. माझ्या अहवालावर शीर्षक ‘२८ दिवसांची चाचणी’ असे होते. क्यूब भरल्याची तारीख १२ मार्च आणि फोडल्याची २ एप्रिल. म्हणजे २१ दिवस. सही होती, शिक्का होता, आकडा २० च्या वर होता. एजंटने उत्तर दिले : ‘गुणनियंत्रण अहवाल तपासला, योग्य आहे.’ टूलच्या आत डोकावल्यावर कळले की ते टूल अहवाल जोडला आहे की नाही आणि त्यावर निकालाचा आकडा आहे की नाही, एवढेच पाहत होते. तारखांमधले दिवस मोजणारे वेगळे टूल शेजारीच होते, पण ‘कागदपत्रे तपासते’ या ओळीने मॉडेलला वाटले की सगळे काम पहिल्याच टूलने केले. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता आणि मॉडेल मूर्ख होते असेही म्हणता येणार नाही. त्याने वर्णनावर विश्वास ठेवला.

मग आम्ही वर्णन नव्याने लिहिले. प्रोग्रॅमला हात लावला नाही, फक्त दोन टूल्सची कामे शब्दांत वेगळी केली. दिवस मोजणाऱ्या टूलचे वर्णन आता असे आहे, आणि ते पूर्ण छापावे अशी विनंती आहे, कारण बोलायचे आहे ते याच्याबद्दल :

‘गुणनियंत्रण अहवालातील काँक्रीट क्यूबच्या नोंदी तपासते. क्यूब भरल्याची तारीख आणि चाचणीची तारीख यांतील दिवस मोजून ते अहवालावर लिहिलेल्या ७ किंवा २८ दिवसांशी ताडून पाहते. अहवाल अस्सल आहे का, क्यूब त्याच कामावरचे आहेत का, हे तपासत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. कागदावरची तारीख स्पष्ट नसेल तर अंदाज न करता तसे कळवावे. मजकूर वाचता न आल्यास “तपासता आले नाही” असे उत्तर येते. त्याचा अर्थ “चूक नाही” असा घेऊ नये. फाइलमध्ये कोणताही बदल करत नाही. अहवाल जोडला आहे का एवढेच पाहायचे असल्यास जोडपत्र-यादीचे टूल वापरावे.’

यातले एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या बिघाडातून आले आहे. तारखेचेच घ्या. आपल्याकडे ०४/०५/२०२३ म्हणजे ४ मे. टूलला वर्ष-महिना-दिवस हवा होता, पण वर्णनात ते कुठे लिहिलेलेच नव्हते. मॉडेलने कधी ४ मे धरले, कधी ५ एप्रिल. एप्रिल धरला की कार्यारंभ आदेशाच्या आधीच पहिले मोजमाप झाल्यासारखे दिसे आणि निर्दोष फाइलवर गंभीर ताशेरा येई. शाखा अभियंत्याच्या माथी असा ताशेरा बसला की तो पुसायला किती टेबले फिरावी लागतात, हे मी सांगायला नको.

‘तपासता आले नाही’ हे वाक्य मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. खानदेशातल्या कुठल्याही कार्यालयातली जुनी फाइल उघडा. निम्मे कागद स्कॅन केलेले, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने नुसते चित्र. जे टाइप केलेले आहेत त्यांतले बरेच युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले : श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. त्यातच तारखा आणि रकमा कुठे देवनागरी अंकांत, कुठे इंग्रजी अंकांत. इंग्रजी अंकच शोधणाऱ्या प्रोग्रॅमला देवनागरी तारीख सापडत नाही. अशा फाइलवर आमच्या पहिल्या टूलने रिकामी यादी परत दिली. रिकामी यादी पाहून एजंटने अहवालात लिहिले, ‘त्रुटी आढळल्या नाहीत.’ शब्दशः ते खरे होते. त्रुटी आढळायला मजकूर तर वाचता यायला हवा! ज्या साहेबाच्या हाती हा अहवाल जाईल तो मात्र फाइल स्वच्छ समजून सही करील. म्हणून टूलच्या उत्तरात तीन वेगळे निकाल असलेच पाहिजेत : चूक सापडली, चूक सापडली नाही, तपासता आले नाही. आणि या तिन्हींचा अर्थ वर्णनातच लिहिलेला हवा, नाहीतर मॉडेल तिसऱ्याला दुसऱ्यात ढकलते.

एककांची गोष्ट आपल्या भागाला फार लागू आहे. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा आपण कधी सुमारे साडेअठरा हजार दलघफू (दशलक्ष घनफूट) म्हणून वाचतो, कधी सुमारे ५२३ दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणून. दोन्ही बरोबर आहेत, कारण १ दलघमी म्हणजे ३५.३१ दलघफू. पण टूलच्या साच्यात नुसते ‘साठा : संख्या’ असे असेल तर एका कागदावरचा दलघफूचा आकडा आणि दुसऱ्यावरचा दलघमीचा आकडा शेजारी ठेवून एजंट विसंगती जाहीर करतो. खडीचे तसेच, जुन्या नोंदी ब्रासमध्ये, नव्या घनमीटरमध्ये. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. टूलला कोणते एकक हवे हे एका शब्दाने सांगता येते. तो शब्द नसल्यामुळे जी खोटी विसंगती उभी राहते, ती निस्तरायला माणसाचा अर्धा दिवस जातो.

फड बंधाऱ्याचे तर विशेष. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत ही काही शतके शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली सिंचनव्यवस्था आहे. नदीत ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचे पट्टे, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. टूलच्या साच्यात कामाचा प्रकार निवडायचा होता आणि पर्याय होते धरण, कालवा, रस्ता, इमारत. ‘इतर’ नव्हतेच. एजंटने बंधाऱ्याला धरण ठरवले आणि धरणसुरक्षेची कागदपत्रे नाहीत म्हणून फाइल अपूर्ण ठरवली. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींसह १० ते १५ मीटरच्या धरणांना. पांझरेवरच्या बंधाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. साचा लिहिणाऱ्या मुलांनी फड बंधारा कधी पाहिला नव्हता, यात त्यांचा दोष नाही. पण ज्याने पाहिला आहे त्याला ते वर्णन आधी वाचायला द्यायला हवे होते.

आता चाचणी कशी करावी याबद्दल. एकदा चालवून पाहिले, बरोबर उत्तर आले, झाले, असे करणे धोक्याचे आहे. मॉडेल तेच असले, फाइल तीच असली तरी दर वेळी उत्तर तसेच येईल याचा भरवसा नसतो. म्हणून तीच फाइल पुन्हा पुन्हा चालवावी लागते. वर्णनाचा परिणाम पाहायचा तर फक्त वर्णन बदलायचे; मॉडेल, प्रोग्रॅम, फाइली तशाच ठेवायच्या. फाइलींमध्ये चुकीच्या जशा हव्यात तशा पूर्ण बरोबर असलेल्याही हव्यात, आणि ज्यात टूल बोलवायचीच गरज नाही असे प्रश्नही हवेत. ‘रब्बीची पाळी कधी सुटणार’ असे कोणी विचारले आणि एजंट मोजमाप पुस्तिका तपासत सुटला, तर तीही वर्णनाचीच चूक समजावी. काही फाइली मी पुतणीलाही दाखवल्या नाहीत. वर्णन लिहिणाऱ्याने सगळे प्रश्न आधीच पाहिले तर तो त्याच प्रश्नांपुरते लिहितो, परीक्षेत गाइडवरून उत्तरे लिहितात तसे.

शेवटचे वाक्यही तपासावे लागते. टूलने नेमके सांगितले असते की ‘९ पैकी ९ जोडपत्रे उपलब्ध’, आणि एजंट माणसासाठी अहवाल लिहिताना ‘सर्व कागदपत्रे योग्य आहेत’ असे लिहून जातो. योग्य टूल निवडले, योग्य माहिती दिली, उत्तरही योग्य मिळाले, आणि तरी वाचणाऱ्याची फसगत झाली. टूल काय तपासत नाही हे वर्णनात लिहिल्यावर हा प्रकार आमच्याकडे बराच कमी झाला. पूर्ण थांबला नाही.

निकाल मोजताना सगळ्या चुकांची एकत्र टक्केवारी काढू नये, असा माझा आग्रह आहे. सदोष फाइल निर्दोष ठरवणे आणि निर्दोष फाइल सदोष ठरवणे यांची किंमत वेगळी असते, आणि ती फाइलीप्रमाणे बदलते. नालाबांधाच्या क्यूब टेस्टमध्ये पहिली चूक महाग. बंधारा वाहून जाईल. पण तोच एजंट उद्या अक्कलकुवा, धडगावच्या वनहक्क दाव्यांच्या फाइलींवर बसवला तर? वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन हाही पुरावा धरला आहे. टूलच्या वर्णनात ‘शासकीय पुरावा जोडला आहे का ते पाहते’ एवढेच असेल, तर सातपुड्यातल्या माणसाचा कायद्याने चालणारा पुरावा एजंट मोजणारच नाही आणि दावा अपूर्ण म्हणून परत जाईल. तिथे दुसरी चूक महाग आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा प्रश्न असतो तो. हे सांगताना माझा आवाज चढत असेल तर संपादकांनी तो तसाच राहू द्यावा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. ‘तपासते’ असे नाव असलेले टूल फाइलमध्ये दुरुस्तीही करत असेल तर ते वर्णनात ठळक हवे. सरकारी नोंद तपासताना बदलली गेली तर तो अपराध ठरू शकतो. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूल फक्त वाचते की बदलही करते हे दर्शवणाऱ्या खुणा आल्या, पण त्या केवळ सूचना आहेत आणि अनोळखी ठिकाणाहून आलेल्या टूलच्या खुणांवर विसंबू नये, असे त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. टूलच्या वर्णनात लपवलेल्या आज्ञा घालून एजंटकडून भलतेच काम करवून घेता येते, हेही सुरक्षा संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले. तेव्हा कुठूनही आणलेले टूल न वाचता जोडणे म्हणजे अनोळखी माणसाला अभिलेख कक्षाची किल्ली देण्यासारखेच झाले.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांतही हेच चालते, असे पुतणी सांगते. तिथे प्रोग्रॅमची ओळख सांगणारी रीडमी फाइल असते, बदलांची नोंदवही असते, वापरण्याच्या सूचना असतात. ‘डॉक्युमेंटेशन तपासते’ म्हणवणारे टूल शीर्षके आहेत का, लिंक चालू आहेत का, एवढेच पाहते. सूचनेत लिहिलेली आज्ञा प्रोग्रॅममध्ये कधीच काढून टाकलेली असते, तरी हिरवी खूण मिळते. आमच्या क्यूब टेस्टचेच हे दुसरे रूप आहे.

वर्णन लांबलचक केले की काम झाले, असेही नाही. प्रत्येक वर्णन मॉडेलला सहसा दर वेळी वाचायला दिले जाते, त्याला पैसे पडतात, आणि वीस-पंचवीस टूल्सची लांब वर्णने एकत्र आली की मॉडेल गोंधळू शकते. मराठीत लिहिले तर बहुतेक मॉडेल्समध्ये टोकनही, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचते तेही, जास्त लागतात. तरी मी मराठी वर्णनाच्या बाजूचा आहे. इंग्रजी वर्णन आमच्या कनिष्ठ लिपिकाने वाचून ‘साहेब, हे असं नसतं’ असे म्हणण्याची शक्यता फार कमी. मराठी वाचून तो ते नक्की म्हणेल. मॉडेलला इंग्रजी द्यायचे असेल तर द्या, पण माणसांनी तपासायची प्रत मराठीत ठेवा आणि दोन्ही जुळतात का ते पाहा.

म्हणून जी कार्यालये, नगरपालिका, संस्था अशी प्रणाली विकत घेणार असतील त्यांना माझी विनंती आहे. स्क्रीनवरचे देखणे प्रात्यक्षिक पाहून निविदा मंजूर करू नका. निविदेच्या अटींतच लिहा की पुरवठादाराने प्रत्येक टूलचे वर्णन आणि साचा लेखी द्यावा, कोणत्या फाइलींवर चाचणी केली आणि त्यात काय चुकले ते दाखवावे, आणि मॉडेल किंवा वर्णन बदलले की चाचणी पुन्हा करावी. एजंटच्या प्रत्येक अहवालाबरोबर त्या दिवशी कोणते वर्णन लागू होते त्याची प्रत जतन व्हावी. पुढे लेखापरीक्षणात किंवा कोर्टात प्रश्न आला तर अहवाल असा का आला, हे त्याशिवाय सांगता येणार नाही. मंजुरीच्या आधी मोजमाप पुस्तिका लिहिलेला एक कनिष्ठ अभियंता आणि फाइल लावणारा एक लिपिक यांना ती वर्णने वाचायला बसवा, आणि त्यांच्या हरकती टिपणीत घ्या.

दुसरी विनंती कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आणि धुळे, जळगाव, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवे असतात. मराठी कार्यालयीन कागदांचा एक खुला चाचणीसंच त्यांनी तयार करावा : काल्पनिक नावांचा, पण खऱ्या चुकांचा, जुन्या फाँटचा, स्कॅनचा, ब्रास आणि दलघफूचा. असा संच असला की कोणत्याही कंपनीचा एजंट आपल्या कागदांवर कसा चालतो हे आपल्यालाच पाहता येईल. मी तयार केलेल्या नालाबांधाच्या आणि फड बंधाऱ्याच्या फाइली त्यासाठी विनामूल्य देईन. नंदुरबारकडे वनहक्क समित्यांवर काम केलेल्या, जळगावकडे ग्रामपंचायतीच्या पाणीयोजना सांभाळलेल्या निवृत्त सहकाऱ्यांनी आपापल्या विषयाच्या फाइली त्यात घालाव्यात. आपल्या टेबलावर कोणती चूक कशी येत असे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
देवपूर, धुळे